वीस वर्षं बहिरेपण लपवलं, आता सोंग म्हणतात : फौजेतली डिसॅबिलिटी पेन्शन

माणदेशी_लेक

गेल्या आठवड्यात गावी गेले होते. दळण टाकायला गिरणीत गेले तर तिथे दोघं-तिघं बसलेले. त्यातला एक नात्याने माझा चुलता लागतो. पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "काय गं, मेजरला ट्रॅक्टर बरा ऐकू येतो? सायबापुढंच कान जातो व्हय?" बाकीचे हसले. मीही हसल्यासारखं केलं, डबा ठेवला आणि निघाले. घरी पोचेपर्यंत कानशिलं तापली होती.

आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. आप्पा तोफखान्यातून हवालदार म्हणून २०१९ साली घरी आले. १९९५ची भरती, चोवीस वर्षं नोकरी. कारगिलच्या वेळी द्रासच्या बाजूला बोफोर्सवर होते. कानाला संरक्षण काय, तर रायफल साफ करायच्या चिंधीचे किंवा कापसाचे बोळे. फायर चालू असताना बोळा पडला तर पडला, वाकून शोधायला कोण जातंय.

चुलत्याचं निरीक्षण खोटं नाही, म्हणून जास्त झोंबलं. आप्पांना ट्रॅक्टर ऐकू येतो. पुरुषांचं जाड आवाजातलं बोलणं निम्मंअर्धं कळतं. माझ्या मुलीचं बोलणं मात्र अजिबात कळत नाही. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाचे बारीक, उंच सूर आधी जातात. दाराची बेल, कुकरची शिट्टी, चिमण्या, लहान पोरं, 'स' आणि 'श'. सहा वर्षांची नात "आज्या, साखर दे" म्हणते आणि आप्पा नुसतं तिच्या तोंडाकडे बघत राहतात. पारावर बसणाऱ्याला यातलं फक्त ट्रॅक्टर दिसतो. मग 'सोयीचा बहिरा' हे नाव पडलं.

आता जे सांगते ते आम्हालाही दोन वर्षांपूर्वीच कळलं. फौजेत दरवर्षी मेडिकल व्हायचं. कानासाठी डॉक्टर सहा मीटरवरून, पाठीमागून, हळू आवाजात आकडे बोलणार आणि जवानाने ते परत म्हणायचे. पाठ डॉक्टरकडे, म्हणजे तोंड रांगेकडे. रांगेत बिहारचा एक दोस्त उभा असायचा. तो पोटाजवळ हात धरून बोटं दाखवायचा. चार. सात नसतील जमत एका हाताने, तर पाच आणि दोन. आप्पा खणखणीत आवाजात सांगायचे, "चार! सात! दोन!" शेप-१, म्हणजे पूर्ण फिट. नेक्स्ट.

का केलं? तर लो मेडिकल झालं, म्हणजे तब्येतीची श्रेणी उतरली, की कोर्स अडतो, प्रमोशन अडतं, आणि युनिटमध्ये 'सिक रिपोर्टवाला' म्हणून शिक्का बसतो. कामचोराला फौजेत जेवढ्या शिव्या आहेत तेवढ्या दुश्मनाला नाहीत, असं आप्पाच म्हणतात. नायब सुभेदाराची पट्टी लागेल या आशेवर बोटं वाचत राहिले. पट्टी लागलीच नाही.

घरी यायच्या आधी रिलीज मेडिकल बोर्ड झालं तेव्हा काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन लावून तपासणी झाली. तिथे बोटं कोण दाखवणार? दोन्ही कान कमी, वीस टक्के, कायमचं. आणि शेरा : सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही. कारण? आधीच्या कुठल्याच मेडिकलमध्ये नोंद नाही आणि दोष पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत छावणीत, लक्षात आला. पहिलं अपील केलं, तेही फेटाळलं.

म्हणजे डिसॅबिलिटीपोटी आजपर्यंत एक रुपयाही आलेला नाही, नुसती साधी पेन्शन आहे. आणि गावात बभ्रा असा की मेजरने बहिरेपणाचं सोंग काढून पेन्शन दुप्पट करून घेतली. आप्पा आता पारावर बसत नाहीत. कानाचं मशीन आणलंय तेही घरातच लावतात, बाहेर पडताना काढून खिशात. मशीन लावलं तर "नाटकाचं सामान", नाही लावलं तर "बघा, गरजच नाही".

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, आता सहा वर्षांनी पुढे काही करता येतं का? दुसरी, तुमच्या आजूबाजूला हा संशय असाच आहे का?

कोपरखळी

वडिलांबद्दल आदर आहे, पण संशय हवेतून आलेला नाही हेही कुणीतरी म्हटलं पाहिजे. मीच म्हणतो, घाला शिव्या.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त अधिकारी आहेत. रोज पहाटे गोल्फ, वर्षातून एक ट्रेक. ब्लड प्रेशरची डिसॅबिलिटी पेन्शन, तीही करमुक्त. स्वतःच हसत हसत सांगतात. २०२३मध्ये संसदेत आलेला कॅगचा अहवाल बघा : २०१५-१६ ते २०१९-२० या काळात दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के डिसॅबिलिटीसह बाहेर पडले. जवान आणि जेसीओंमध्ये (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) हेच प्रमाण १५ ते १८ टक्के. गोळी झेलायला पुढे कोण असतं आणि टक्का कुणाचा जास्त, हा साधा प्रश्न आहे.

गल्लीतला_वाघ

सीमेवर जवान उभा आहे म्हणून तुम्ही एसीत बसून टाइप करताय. लाज वाटली पाहिजे.

कोपरखळी

@गल्लीतला_वाघ, हे वाक्य आलं नाही असा एक तरी धागा दाखवा, पेढे देतो. एसी नाही, पंखा आहे.

एमआय_रूम

मी बावीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो. बोर्डाचे कागद तयार करण्यात निम्मी नोकरी गेली, म्हणून लिहितो.

कोपरखळी, सोंगाडे असतात. मी पाहिलेत. रिटायरमेंटच्या आदल्या वर्षी अचानक कंबर धरणारे, डॉक्टर ओळखीचा गाठून टक्केवारी विचारून घेणारे. आम्ही आपसात हसायचो. पण तुमच्या आकड्यात एक मेख आहे. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी जातो, अधिकारी पन्नाशी ओलांडून. पन्नाशीत बीपी, साखर निघणारच. सगळाच फरक लबाडीचा नाही. काही आहे, हे मान्य.

आता बोर्डाचं. समोर छापील फॉर्म, त्यात मुख्य प्रश्न तीनच : आजार सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का, की सेवेशी संबंधच नाही? तिसऱ्यापुढे 'येस' आलं की खेळ खलास. त्यापुढे कारण लिहायचं असतं आणि तिथे वर्षानुवर्षं तेच वाक्य पडतं, "ऑनसेट इन पीस स्टेशन". अहो, आजाराला काय मूव्हमेंट ऑर्डर असते का, की फील्डला निघाला तर फील्डलाच उघडा पडेल? कान तर उलटे. गनच्या आवाजात बहिरेपण कळतच नाही, कारण सगळेच ओरडून बोलतात. पीसला आल्यावर, शांततेत, पहिल्यांदा लक्षात येतं.

बोटांची युक्ती वाचून हसू आलं आणि नंतर वाईट वाटलं. आमच्याकडेही चालायची. डोळ्यांचा तक्ता पाठ करणारे तर किती होते. डॉक्टरांनाही माहीत असायचं. युनिटला माणसं 'फिट' हवीत, जवानाला प्रमोशन हवं, सगळ्यांची सोय. त्याची पावती शेवटच्या दिवशी एकट्याच्या नावावर फाटते.

बीपी_१५०_९०

माझा आयडीच सगळं सांगतो.

बीपी-साखरेला 'लाइफस्टाइल डिसीज' म्हणतात, तो शब्द मला कुणीतरी समजावून सांगा. सतरा वर्षांत तीन वेळा काश्मीर. रात्री दोन ते चार संतरी ड्यूटी, मंजूर झालेली सुट्टी रद्द, इकडे गावी भावकीने बांध कोरलेला, बायको तहसीलला एकटी खेटे घालतेय आणि मी फोनला रेंज येईल म्हणून टेकडीवर उभा. जेवण काय खायचं, किती वाजता झोपायचं, कुठे राहायचं, यातलं काहीही मी ठरवलेलं नाही. मग ती लाइफस्टाइल माझी कशी? ती फौजेचीच होती, मी नुसती अंगावर वापरली.

तरी एक कबूल करतो. बटालियनच्या गेट-टुगेदरला पाय गमावलेला आमचा एक सोबती आला होता. कृत्रिम पायावर चालत आला, सगळे उठून उभे राहिले. मीही उभा राहिलो. नंतर कुणीतरी मला विचारलं, "तुझी किती टक्के?" मी म्हटलं, "तीस." पुढचा प्रश्न : "कशाची?" बीपी म्हणायला जीभ उचलली नाही. पाठदुखी म्हणून सांगितलं. खोटं बोललो ते पैशासाठी नाही, लाजेसाठी.

वकीलकाकू

कोपरखळी आणि बीपी दोघांचंही वाचलं. धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नावर येते, बाकी चालू द्या.

१९८२च्या एन्टायटलमेंट रूल्समध्ये साधं गृहीतक आहे. भरतीच्या वेळी तुम्ही माणसाला तपासून, धडधाकट म्हणून घेतलंत. त्या वेळी कागदावर दोष लिहिला नसेल, तर पुढे आलेला आजार सेवेतलाच मानायचा. नाही, असं म्हणायचं असेल तर ते सरकारने सिद्ध करायचं. जवानाने नाही. शंका राहिलीच तर फायदा जवानाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये धर्मवीर सिंग प्रकरणात हेच स्पष्ट केलं आणि बोर्डाने कारणं दिली पाहिजेत हेही. नुसतं 'संबंध नाही' पुरत नाही.

पुढच्या नियमांत आणि सुधारणांत हे गृहीतक हळूहळू पातळ करत आणलं गेलं. २१ सप्टेंबर २०२३पासून नवे नियम आहेत. त्यात पूर्ण नोकरी करून बाहेर पडणाऱ्यासाठी डिसॅबिलिटी शब्दच काढून 'इम्पेअरमेंट रिलीफ' केलं. तुमचे आप्पा २०१९चे, त्यामुळे ते या नव्या चौकटीत बसत नाहीत. ही जमेची बाजू.

गावात ज्यावरून जास्त बोंब होते ते टक्क्यांचं गणितही सांगून टाकते. शंभर टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के मिळतात. समजा पगार ४५,००० होता. शंभर टक्क्यांना १३,५०० झाले. वीस टक्क्यांना २,७००. पण वीस ते एकोणपन्नासपर्यंतच्या सगळ्यांना पन्नास धरतात, त्यामुळे ६,७५० आणि त्यावर महागाई भत्ता. लोक म्हणतात, बघा, वीसचे पन्नास केले! हे पाचव्या वेतन आयोगाच्या वेळचं आहे, १९९६पासून लागू. कारण असं की एकच कान एक बोर्ड वीस म्हणतं, दुसरं तीस म्हणतं. पाच-दहा टक्क्यांवरून माणसाने आयुष्यभर भांडू नये म्हणून पट्टे पाडले. आधी हे फक्त मुदतीपूर्वी काढलेल्यांना देत होते. पूर्ण नोकरी केलेल्यांनाही द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये राम अवतार प्रकरणात सांगितलं.

आणि दुप्पट पेन्शन वगैरे काही नाही, ते गिरणीत सांगा.

उशिराचं म्हणाल तर पेन्शन हा दर महिन्याला होणारा अन्याय धरतात, त्यामुळे दरवाजा बंद नाही. मात्र थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे रोज एक दिवस वाया जातोय. मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, तिथे जा.

कोपरखळी

माहितीपूर्ण. पण काकू, मग सरकार इतकं भांडतं का?

वकीलकाकू

तो प्रश्न मनोहर पर्रीकरांनाही पडला होता. संरक्षणमंत्री असताना २०१५मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. तिने स्पष्ट लिहिलं की अपंग जवानांविरुद्ध अपिलामागून अपिलं करणं थांबवा. अपिलं थांबली नाहीत.

संशयाला खरी सरकारी मोहोर लागली ती २०१९मध्ये. जूनमध्ये प्राप्तिकराचं परिपत्रक निघालं, की डिसॅबिलिटी पेन्शनवरची करमाफी फक्त आजारपणामुळे मध्येच काढलेल्यांना, पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांना नाही. आरडाओरडा झाल्यावर लष्कराची एक टिप्पणी आली, अर्थमंत्र्यांनी ती ट्विटरवर टाकली. सूर असा की सवलतींमुळे लाइफस्टाइल आजारांवरसुद्धा डिसॅबिलिटी मागणारे वाढलेत आणि हे चिंताजनक आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. पण घरच्या माणसानेच म्हटल्यावर गावाने का मागे राहावं?

बीपी, तुमच्यासाठी. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्या प्रकरणात पीस स्टेशनचा युक्तिवाद मोडीत काढला. निकालपत्राच्या सुरुवातीला न्यायमूर्तींनी लिहिलंय की आपण शेकोटीजवळ गरम कॅपुचिनो पीत असतो तेव्हा हे लोक सीमेवर बर्फाळ वारे झेलत असतात. (गल्लीतला_वाघ यांचंच वाक्य आहे, पण खाली कायदा आहे.)

ह्यूस्टनकर

इथे अमेरिकेत माझी बायको माजी सैनिकांच्या इस्पितळात काम करते. शून्य ते शंभर, दहा-दहाच्या पायऱ्यांनी रेटिंग. सगळ्यात जास्त मंजूर होणारी तक्रार कुठली माहितीये? टिनिटस, कानात सतत शिट्टी वाजणं. दुसऱ्या कुणालाही ती ऐकू येत नाही, मशीनवर दिसत नाही. त्यामुळे टोमणे इथेही तेच. फरक एवढाच की २०२२च्या पॅक्ट कायद्याने इराक-अफगाणिस्तानातल्या जळत्या कचऱ्याच्या खड्ड्यांच्या धुरासाठी आजारांची यादीच करून टाकली. तिथे होतात आणि हा आजार आहे ना, मग संबंध सिद्ध करत बसू नका.

माणदेशी_लेक, आप्पांना शिट्टी वाजते का विचारा. बरेच जण सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं सगळ्यांनाच वाजते.

नाव_नको

वाचत होते, लिहायचं नव्हतं. नवीन आयडी काढून लिहितेय.

आमचे हे सोळा वर्षांनी घरी आले, डोक्याच्या आजारावर. कागदावर लिहिलंय 'कॉन्स्टिट्युशनल', म्हणजे म्हणे रक्तातच होतं. भरती झाले तेव्हा गावात पहिले आले होते पळण्यात, तेव्हा रक्तात काही नव्हतं. अपील करायचं म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, कोर्टात गेलं की कागद होणार, कागद झाला की गावाला कळणार, पोरीचं लग्न कसं जमायचं? म्हणून केलं नाही. लोकांना सांगितलं, शेतीसाठी नोकरी सोडली.

लोक म्हणतात, "एवढी पेन्शनीची नोकरी कुणी सोडतं का, काहीतरी लफडं केलं असणार." ते ऐकून घेतो आम्ही. लफडं परवडलं.

वकीलकाकू

ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. इथे काही लिहू नका. एवढंच सांगते की मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात बोर्डाने कारणच दिलं नाही म्हणून जवानाच्या बाजूने निकाल दिलाय. पोरीचं लग्न झालं का?

नाव_नको

झालं मागच्या वर्षी.

वकीलकाकू

मग या.

कोपरखळी

नाव_नको यांचं वाचून गप्प बसलो होतो. माझा मुद्दा मागे घेत नाही, गोल्फवाले आहेतच. पण त्यांच्या दारात जाऊन कुणी "कान बरा ऐकू येतो का" विचारत नाही, हे खरं. मीसुद्धा लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग सर म्हणतो.

माणदेशी_लेक

सगळ्यांचे आभार. शनिवारी परत गावी गेले होते. सगळे प्रतिसाद आप्पांना वाचून दाखवले, म्हणजे ओरडून दाखवले, त्यामुळे शेजारच्यांनीही ऐकले. बरंच झालं.

ह्यूस्टनकर, शिट्टीचं विचारलं. आप्पा म्हणाले, "ती व्हय? ती कारगिलपास्नं हाय. रातकिडा म्हणायचो मी तिला." आम्हाला सव्वीस वर्षांत माहीत नव्हतं. आई म्हणाली, म्हणून हा माणूस रात्री रेडिओ लावून झोपतो.

वकीलकाकू, तुम्ही व्यनित विचारलंत की गनवर बरोबर असलेला कुणी प्रतिज्ञापत्र देईल का. बिहारच्या त्या दोस्ताला फोन लावला. त्यांचेही कान गेलेत. वीस मिनिटं दोघं एकमेकांना "हां? क्या बोला?" करत होते. शेवटी इकडून मी आणि तिकडून त्यांचा नातू, असं आम्ही दोघांनी बोलणं केलं. ते द्यायला तयार आहेत. कुठली गन, कुठली पोझिशन, किती दिवस फायर, कानात काय घातलं होतं, सगळं त्यांना पाठ आहे.

फक्त त्यांनी विचारलंय की मेडिकलमधल्या बोटांचंही लिहायचं का. म्हणाले, "उसमें भी गवाह मैं ही हूँ."

वकीलकाकू

बोटांचं मला फोनवर सांगा, कागदावर काय घ्यायचं ते मी बघते. कापसाचं मात्र नक्की लिहायला सांगा. आणि नातवाचा नंबर ठेवा, सुनावणीला लागेल.